भरती निघाल्यावरच पळणाऱ्या पोरांनो

बसा, सगळे बसा. एवढी पोरं आलात, बरं वाटलं. मला भाषण करता येत न्हाई. मी विशालची मोठी बहीण, सुनीता. सकाळच्या एसटीनं रेणापूरहून लातूरला आले. आई आली न्हाई. तिला हे कॉलेज बघवत न्हाई.

मागच्या सोमवारी माझा भाऊ तुमच्याच मैदानावर पळता पळता पडला. परत उठला न्हाई.

सगळे म्हणतात, नशीब. कसलं नशीब, बाबांनो? वर्षभर हा गडी अभ्यासिकेत बसून. मी म्हणायचे, "विशू, रोज थोडं चालत जा रे. हळूहळू पळ." हा हसायचा. "ताई, पोलीस भरती निघू दे, मग बघ कसा पळतो!" भरती निघाली की पळायचं, संपली की लोळायचं. तुमचंही हेच हाय. हाय का न्हाई? माना खाली घालू नका, बोला!

ग्राउंडची, म्हंजे भरतीच्या पळायच्या परीक्षेची, तारीख आली आन् ह्यानं सरावाच्या पहिल्याच दिवशी सोळाशे मीटर जीव तोडून मारले. संध्याकाळी फोनवर म्हणला, "ताई, छातीत कळ येऊन राहिली." मी म्हणलं, दवाखान्यात जा. तर म्हणे, "पोरं म्हणतात, सुरुवातीला होतंच. पळलं की जातं." कोण म्हणलं, ते मी विचारत न्हाई. विचारून तो येणार हाय का?

आज एसटीतून उतरले, सरळ मैदानावर गेले. वाटलं, रिकामं असंल. तुम्ही पळून राहिला होतात! एक पोरगा कडंला बसून ओकत होता. पाठीवर हात फिरवला. म्हणलं, "लेकरा, बस कर आता." तोंड पुसून म्हणतो, "ताई, तारीख अंगावर आली." आन् पळाला की हो परत! मी ओरडले. लई ओरडले. एकानंही वळून बघितलं न्हाई. मी काय करू? कुणाच्या पाया पडू? अरे, वर्दी घालायला अंग तरी राहू द्या!

आता आपण विशालसाठी दोन मिनिटं उभं राहणार. पण ज्याच्या छातीत दुखतंय, ज्याला गरगरतंय, त्यानं उठायचं न्हाई. बसून राहा. त्यात विशालचा काही अपमान न्हाई. कुणी हसलं तर मी हाय. तुम्ही डोळे मिटा, मी मिटणार न्हाई. कोण बसलंय ते बघणार, आन् त्याला हाताला धरून दवाखान्यात नेणार.

चला, उठा. उठताना खोटं वागू नका रे, हात जोडते.