बॉनेटला हात लावू नका

...आणि वर मलाच विचारतात, "दादा, एवढं चिडायला झालं तरी काय?" काय झालं? ते बॉनेट बघा आणि मग बोला! न्हाय न्हाय, तिथूनच बघा, लांबून. हात लावू नका!

तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस. सावकाश बोलणारा. चौथीपर्यंत शाळा, त्यातही मास्तर प्रश्न विचारायचे आणि माझं उत्तर यायच्या आत घंटा व्हायची. त्या सावकाशपणानंच माझा घात केला. "हात लावू नका", तीन शब्द. पण मी "हात..." म्हणून श्वास घेतो तोवर समोरच्याचा रुमाल गाडीवरून फिरून परत खिशात! म्हणून आज एका दमात बोलणार हाय. मधे मला पाणीसुद्धा विचारू नका.

गाडी माझी फियाट. पोरगा मितेश तिच्यापेक्षा लहान, यावरून समजा. रंग लाल. पण दुकानात मिळतो तो लाल न्हाय. माझा धाकटा भाऊ अनंता गॅरेजात पेंटर होता, त्यानं स्वतःच्या हातानं डब्यात कालवलेला लाल. थोडा काळा टाकला, थोडा पिवळा टाकला, काडीवर घेऊन उन्हात धरला, मान हलवली, परत टाकला... त्या रंगाला नंबर न्हाय, नाव न्हाय, कुठल्या कार्डावर तो न्हाय. मी आणि हौसा, आमची मंडळी, आठ दिवस तिच्या माहेरी अंबाडीला गेलो होतो, गाडी अनंताकडे ठेवून. परत येतो तर राखाडी गाडी लालबुंद! अनंता म्हणतो, "दादा, तुला भेट." तुम्हाला सांगतो, मी रस्त्यातच रडलो. अनंता सहा वर्षांपूर्वी गेला, आणि कशाचे किती थेंब ते बरोबर घेऊन गेला.

आता ऊन काय कोणाचा रंग सोडतं का? लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा खडू झाला. बोट फिरवलं की भुकटी. आणि आमचे मितेशराव, गोडाऊनला सुपरवायझर, गेल्या सोमवारी दारात उभे राहून म्हणतात, "बाबा, भंगार दिसतंय हे. रविवारपर्यंत चमकली तर ठीक, नाहीतर पेंटरला देतो. मोतिया पांढरा मारून टाकू."

मारून टाकू! ढेकूण हाय का तो? अनंताच्या लालावर पांढरा? मी जिवंत असताना?

लागलो कामाला. जुना रंग तहानलेला असतो हो, त्याला घासायचं नसतं, पाजायचं असतं. तेलकट पॉलिश हातानं चोपडायचं, रातभर मुरू द्यायचं, सकाळी मऊ सुती फडक्यानं अलगद पुसायचं. मशीन न्हाय, ब्रश न्हाय. फक्त सुती फडकं. आणि ते मिळेना! भिवंडीत! कापडाच्या गावात! दिवसभर लूमची खडखड कानात, सहा कारखाने फिरलो, जिकडे तिकडे पॉलिस्टर. एक शेट मला म्हणतो, "चाचा, सुती का जमाना गया." अरे जमाना गेला, पण एक हातभर चिंधी तरी मागे ठेवून जायची! शेवटी हौसानं पेटीतलं जुनं लुगडं काढून दिलं. काही बोलली न्हाय. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. लुगडं मागितलं आणि हौसा बोलली न्हाय?

पहिल्याच दिवशी शेजारचा लडकू आला. फडकं बघून ओरडला, "केसरीदादा, अरे रंग निघतोय! गाडी सोलतोस का काय?"

मी त्याला समजावलं. इथंच चुकलो. म्हटलं, "लडकू, आताच्या गाड्यांना रंगावर लॅकरचा थर असतो, काचेसारखा. पुसलं तरी फडकं कोरं. जुनीला वर काही न्हाय, आरपार रंगच. वरची मेलेली साय निघते, खालचा जिवंत होतो. फडकं लाल झालं म्हणजे समजायचं, रंग अस्सल हाय."

अस्सल! कुठून तो शब्द तोंडात आला! संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत झालं, केसरीनाथच्या गाडीचा रंग अस्सल हाय, रुमालाला लागतो.

मग काय विचारता! बुधवारी समोरची रंजिता आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून. "काका, एकदाच हं, व्हिडिओ काढते." मी "हात..." म्हटलं, आणि फिरला! मग बघितला तर व्हिडिओत अंगठा आलेला, म्हणून परत एकदा. गुरुवारी शिफ्ट सुटली, लूमवरचे चौघे उभे. "चाचा, सच में असली है?" चौघांचे चार गमछे! एकानं पुसल्यावर दुसऱ्याला दाखवावं ना? न्हाय. प्रत्येकाला आपल्याच गमछ्यावर पाहिजे. आणि गाडी केवढी मोठी, चार दारं हायेत, छत हाय, डिकी हाय, पण न्हाय, जो तो बॉनेटच्या मधोमध! का, तर तिथं जास्त चमकतं म्हणून! मी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, "हात लावू नका." लोक पुठ्ठा बाजूला धरून पुसायला लागले.

आणि शुक्रवारी, मी आंघोळीला गेलेलो, तेवढ्यात लडकूनं टूथपेस्ट लावली. टूथपेस्ट! "मोबाईलवर दाखवलं दादा, दात चमकतात तर गाडी का न्हाय चमकणार?" अरे, दातावर अनंतानं रंग मारला होता का?

शनिवारी बघतो तर बॉनेटच्या मधे ताटाएवढा डाग. लाल गेला. खाली राखाडी, आणि राखाडीतही मधोमध पिवळट काहीतरी. रंजिताकडे गेलो, म्हटलं, "पोरी, ती ओढणी दे." रंग परत लागत न्हाय ते मलाही कळतं, पण निदान जवळ राहील. तर म्हणते, "काका, तीनदा धुतली, डागच जात नाही." बघा! चार दिवसांत गाडीवरून उतरला, आणि ओढणीवरून उतरायला तयार न्हाय!

रविवार उजाडला. मितेश आला, गाडीभोवती फिरला. तुम्हाला सांगतो, चारी दारांत त्याचं तोंड दिसत होतं. म्हणाला, "बाबा, एवढा गडद होता हा?" मी खूश. आणि मग तो बॉनेटपाशी आला. मी "हात..." म्हणतोय तोवर त्यानं टकटक केलं. कडेला ठण्ण वाजलं. मधे थप्प.

"बाबा, इथे पत्रा नाही. पुट्टी भरलीये. मोठा पोचा होता इथे."

पोचा? माझ्या गाडीला? मी तर कधी कशाला घासलीसुद्धा न्हाय!

हौसा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणते, "म्हशीला धडकवली होती भावजींनी. वज्रेश्वरीच्या रस्त्याला. आपण अंबाडीला होतो तेव्हा."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. रडत होते बिचारे. शपथ घातली, दादाला सांगू नको म्हणून. पोचा झाकायचा तर जुना राखाडी जुळेना, आणि एकट्या बॉनेटला वेगळा रंग कसा मारणार? म्हणून मग सगळी गाडीच लाल केली."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"अवो, रंग चांगला झाला होता ना! आणि म्हशीला काही लागलं न्हाय."

म्हशीला काही लागलं न्हाय! आणि माझं? भेट म्हणून रस्त्यात रडलो ते? दर दिवाळीला "माझ्या भावानं प्रेमानं दिलेला रंग" म्हणून पाहुण्यांना दाखवला ते? आणि अनंता शेजारी उभा राहून मान खाली घालायचा, मला वाटायचं लाजतोय!

मितेश हळूच म्हणाला, "बाबा, मग आता तरी पांढरा मारायचा?"

चिडलो, तो विचारतोय म्हणून चिडलो, अनंतावर चिडलो, हौसावर चिडलो. पण पांढऱ्याला न्हाय म्हटलं. उरलेला लाल तसाच राहणार, पुट्टीही तशीच राहणार, उघडी. काय करू, सांगा? ज्याच्याशी भांडायचं तो गेला... निदान पुरावा तरी दारात उभा राहू दे.