बेटाचे मालक

परंड्याच्या एसटी स्टँडवर शिवांजली बसली होती. वकील आजोबांनी मागं ठेवलेलं धरणातलं बेट ती उद्या विकणार होती. शेजारी मेंढपाळ हरणाबाई आणि तिचा लेक बिरू बोलत होते.

“आये, उद्या बेटाची रजिस्ट्री हाय. नवा मालक मेंढरं येऊ देणार न्हाय.”

“मालक लई झाले. टेकडी व्हती तवा जहागीरदार, मग देशमुख. धरणानं बेट झालं, तवा वकील. बघायला एक बी आला न्हाय.”

“आन् आपण?”

“तुझ्या येळंला तिथंच बाळंत झाले. सासूनं वाऱ्याला मेंढरं आडवी बसवली.”

शिवांजली वळली. “मावशी, त्या बेटावर कसं जायचं?”

“पाणी उतरलंय, चालत. तू कुणाची गं?”

“वकिलांची नात.”

हरणाबाईनं तिला खालीवर न्याहाळलं.

“चल मग आमच्यासंगं. चपला हातात घे, चिखल लई हाय.”