भास्करनं न दिलेलं चौथं बटन

कुरुंद्याच्या मंडळींनो, औंढ्याहून, शिरडहून आलेल्या पाहुण्यांनो,

भास्करच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय. खरं सांगतो, मी रागात हाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मंग कोणावर रागावू?

भास्कर अन् मी वसमतला भजनांची रेकॉर्डिंग करायचो. माईक माझे, कॉम्प्युटर त्याचा. आवाज गोड करायला त्यानं स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्लगिन म्हणतात त्याला. पडद्यावर तीन बटनं. आवाज, इको, बेस. बस.

मी म्हणायचो, "अरे, बाहेरच्या प्रोग्रामला ढीगभर बटनं असतात. गिऱ्हाईक हसून राहिलं आपल्याला."

तो म्हणायचा, "आपला माणूस इकोचं बटन दिसलं की शेवटापर्यंत फिरवतो. अर्ध्यावर ठेवणारा एक दाखव मला."

आता हसू नका, तुमीच फिरवता. म्हणून त्यानं इकोचा शेवटच अलीकडं आणला. पूर्ण फिरवा, तरी अभंगाचे शब्द ऐकू येणार. "ज्या बटनाचे दोन्ही शेवट मला माहीत न्हाईत, ते लोकांच्या हाती देणार न्हाई," असं त्याचं म्हणणं.

बराबर हाय. पण आपल्या बायांचं मंडळ आलं, तवा काय झालं? उंच सूर त्यानं प्रोग्रामच्या आतूनच दाबून ठेवलेले. सगळं गड्यांच्या आवाजावर बसवलेलं. बायांचा आवाज नाक धरल्यावाणी निघाला. त्या मंडळात सुमनवहिनी होत्या, त्याच्या घरच्या. त्या ऐकून म्हणल्या, "हा माझा आवाज न्हाई."

मी म्हणलं, भास्कर, उंच सुरांचं चौथं बटन दे. ज्याचं त्याला ठरवू दे. तो म्हणे, "देतो. पण जास्त सोडलं तर कानाला टोचतं, कमी सोडलं तर फिरवून उपयोग न्हाई. शेवट कुठं ठेवू?" पोळ्याला म्हणे दिवाळीला. दिवाळीला म्हणे शेतातली हळद निघाली की. वहिनी दरवेळी हातातली भाकर टाकून माईकसमोर बसायच्या. गायच्या. अन् हा मान हलवायचा. अजून न्हाई.

अरे, काहून न्हाई? टोचलं असतं तर टोचलं असतं. लोकांनी मागं फिरवलं असतं. लोकांवर एवढा भरवसा ठेवायला तुला काय तकलीफ होती? मला हे अजूनबी पटलेलं न्हाई.

सोमवारी चहा पिता पिता छातीत कळ आली अन् गेला. उद्या नांदेडचा कोणी शिकलेला येईल, बटन लावून देईल. पण ते ह्याच्या हातून व्हायला पाहिजे होतं. गावातल्या गड्यांचे आवाज सीडीत नीट हायेत. वहिनींचा न्हाई. एकाबी सीडीत न्हाई. ह्याचा राग येतो मला.

भास्कर, भांडण राहिलं आपलं. रामराम घे.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. त्यानंतर वहिनी एक अभंग म्हणणार हायेत, सकाळीच त्यांनी मला तसं सांगितलं. मी हा माईक काढून घेऊन राहिलो. मागच्यांना ऐकू आलं न्हाई, तर पुढं सरकून बसा.