पिशवीतला नारळ

म्युझियमसमोरच्या बसच्या रांगेत हेमचंद्रांच्या पुढे एक दमलेला पुतण्या आणि गावाहून आलेली त्याची काकू उभे होते.

"राणीबाग झाली, टाउन हॉल झाला, हे म्युझियमही झालं. संपली मुंबई, काकू!"

"आणि माझा अरुण गेल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून पडला ती जागा?"

"फ्लोरा फाउंटनला नुसता रस्ता आहे. बघण्यासारखं काही नाही."

"म्हणून दिवसभर पायी फिरवलंस होय? म्हातारी दमेल, विसरेल?"

"पाय सुजलेत तुझे."

"सुजू देत. सकाळपासून पिशवीत नारळ वागवतेय, तो काय म्युझियमातल्या त्या पेंढा भरलेल्या वाघापुढे फोडू?"

"...दे ती पिशवी इकडे."

बस आली तेव्हा दोघं रांग सोडून फाउंटनकडे चालू लागली होती. हेमचंद्रांचा नंबर फुकटात दोनांनी वर आला. तरी त्या दोघांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत ते जागचे हलले नाहीत.