संडासातला मोहा

आता तुम्ही हसाल, पण तेव्हा माझा जीव चालला होता. एटापल्लीकडच्या डोंगरातल्या एका गावात, लोक संडास वापरतात का, ते घरोघर बघायला मी गेले होते. चार घरी चहा झालेला. सुमनबाईंच्या दारात पोचले तोवर मलाच धीर निघेना.

"बाई, तुमच्या संडासात जाऊ का?"

त्यांनी दार उघडलं. आत छतापर्यंत मोहफुलांची पोती!

"अहो, हे काय?"

"पक्की जागा हाय ना. पाणी नाई, उंदीर नाई."

"मग तुम्ही कुठे जाता?"

"जंगलात. चाल, मी येतो संगं."

गेले. करते काय? झाडीत पान हललं तरी दचकत होते. मोह्याच्या दिवसांत अस्वलं फिरतात, हे ऐकलेलं होतं.

"बाई, अस्वल नाही ना येणार?"

सुमनबाई पाठ करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अस्वल मोह्याच्या वासावर येते. अन् मोहा कुठी हाय? संडासात! परवा त्यानं तिथलंच दार ओरबाडलं. इथी काऊन भेते, पोरी? बस निवांत!"