कडुनिंबाच्या धुरातलं मटण

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी बुलढाण्याच्या एका कचेरीत नवा कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. धुरात टांगलेलं मांस महिनोन्‌महिने टिकतं, असं एका इंग्रजी मासिकात वाचलं आणि ते खरं का, हे पाहिल्याशिवाय मला राहवेना. नेमके त्याच दिवशी सासरे धाडहून जेवायला यायचे होते. त्यांच्यासाठी आणलेलं मटण मी सकाळीच परसातल्या रिकाम्या पिंपात टांगलं. मासिकात सांगितलेलं लाकूड आपल्याकडे उगवत नाही, म्हणून प्रकृतीला चांगला समजून खाली कडुनिंबाचा ओला पाला पेटवला.

बायको खोकत बाहेर आली. "अवो, मटन करून राह्यले का डास मारून राह्यले?"

"थांब जरा, शास्त्र आहे हे."

दुपारी तिने त्याचाच रस्सा केला. सासऱ्यांनी पहिला तुकडा बराच वेळ चावला.

"जावईबापू, बोकड्या बिमार होता काय?"

"नाही. काऊन?"

"मंग त्याले कडू दवा काऊन पाजली?"

मी मासिक काढून दाखवलं. म्हटलं, "मामाजी, असं मांस महिनोन्‌महिने टिकते."

त्यांनी ताट हळूच पुढे सरकवलं.

"टिकनच ना बाप्पा! खाईन कोन त्याले?"