आंब्याचं वळण

नलिनी : आणि तुझ्या या नव्या गाडीत पायाशी दोनच पेडलं कशी गं, सायली? तिसरं कुठे गेलं?

सायली : क्लच नाहीच आहे, आई. गिअर आपोआप पडतात. आपण फक्त पाय ठेवून बसायचं.

नलिनी : मग चालवतं कोण? आणि तुझ्या सासऱ्यांच्या जुन्या गाडीत बघावं तर पेडलं जमिनीतून उगवल्यासारखी वर आलेली. पौडपासून मला वाटत होतं, गाडी चालवत नाहीये, शिलाईयंत्रावर ब्लाउज शिवतेय.

सायली : पण मस्त चालवलीत हं! मी मागून बघत होते. एकदाही या गाडीत न बसलेली बाई, आणि पहिल्यांदा बसली ती थेट स्टिअरिंगवर. निरंजनला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

नलिनी : लक्ष्मी रोडवरून माहेरची फियाट काढलीय मी, गणपतीच्या दिवसांत. तुझ्या नवऱ्याला काय माहीत? म्हणे, आई, ड्रायव्हर पाठवतो. म्हटलं, विकायची ना? मग माझ्या हातानं नेऊन देईन आणि हात झटकून मोकळी होईन.

सायली : गाडी घेणारे लोक जेवायला थांबलेत बंगल्यावर. घाट अर्धा चढला की आलाच त्यांचा बंगला.

नलिनी : थांबू देत. या टपरीवरचा आपला चहा होऊ दे आधी. आणि एकाच कंपनीची ही दोघं भावंडं अशी शेजारी शेजारी उभी आहेत, तर मला जरा नीट बघू दे. अगं बाई, धाकटं केवढं सुटलंय!

सायली : सुटलंय काय, आई! पन्नास वर्षांत माणसं पण उंच झालीच की. पण तुम्ही डोळे मिटून पाठीवरून हात फिरवा. हा उतार बघा, आणि आता जुनीचा बघा. सेम!

नलिनी : हो गं. खांद्यापासून खाली तसाच घसरतोय. आणि डोळेही तसेच बटबटीत. चावी?

सायली : दोन्हीकडे दाराच्या बाजूला. नवीत खरं तर चावी लागतच नाही, खिशात असली तरी पुरते. पण तिथेच एक खुंटी ठेवलीय, पिळायला. सवय मोडू नये म्हणून.

नलिनी : आणि समोरची ती पाच घड्याळं?

सायली : नवीत पण पाचच आहेत. फक्त ती चित्रातली, स्क्रीनवरची. काटे खरे नाहीत.

नलिनी : यांचे काटे खरे, पण त्यातलं एक घड्याळ बंद आणि दुसरं खोटं बोलतं. इतक्या वर्षांत दुरुस्त नाही केलं. मी विचारलं तर म्हणायचे, मला माहितीय ना ते कितीनं खोटं बोलतं, मग झालं तर.

सायली : बाबा ग्रेट होते हं. खरं सांगा आई, तुम्हाला का विकायचीय? निरंजन म्हणतो पार्किंग एकच आहे, पण ते कारण नाहीये ना?

नलिनी : नाही. माझी सवत आहे ती, म्हणून विकायचीय.

सायली : गाडी?

नलिनी : गाडी, नाहीतर गाडीतली कोणीतरी. दर रविवारी उजाडायच्या आत निघायचे, न्याहारीला परत. मी येऊ का विचारलं की ठरलेलं उत्तर, ही गाडी एकट्याची आहे, नलू. दोन सीटा असलेली गाडी एकट्याची कशी असेल? मी काय कुक्कुलं बाळ होते का?

सायली : आई, काहीतरीच काय! बाबा आणि...

नलिनी : मग ये इकडे, दार उघड. ही यांची सीट. काय दिसतं?

सायली : फाटलीय. कापूस बाहेर आलाय.

नलिनी : आणि ही डावीकडची?

सायली : ही... ही तर नवीकोरी आहे. चामड्याचा रंगही वेगळा.

नलिनी : स्वतःची फाटकी ठेवली आणि ही नवीन करून घेतली. कोणासाठी? माझ्यासाठी तर नाही. बारशाला, लग्नाला, दवाखान्यात, कुठेही जायचं झालं तर आम्ही रिक्षानं. आता ते गेले, विचारायचं कोणाला? म्हणून म्हटलं, जाऊ दे ती घरातून.

गोजराबाई : घ्या, चहा घ्या. साकर कमी लागंल तर सांगा, मी जरा... अगं बया! ही बिनइंजनाची गाडी हितं कशी काय?

नलिनी : बिनइंजिनाची?

गोजराबाई : आवो, आमच्या दिनकरसायबाची गाडी न्हवं ही? आन् सायेब कुटं हायेत? गेल्या संक्रांतीपास्नं तोंड न्हाई दावलं. म्हनलं पोरानं परदेशात नेलं का काय!

नलिनी : ते गेले हो. पौषात. झोपेतच गेले. मी त्यांची बायको, ही माझी सून सायली.

गोजराबाई : आँ? गेले? ... असं कसं वो. मला बातमी न्हाई. दर आयतवारी येनारा मानूस, आन् मला कुनी सांगाया न्हाई आलं. मी रागराग केला त्यांचा मनात. बसा वैनी, हितं बसा, ह्या बाकावर बसायचे.

नलिनी : दर रविवारी इथे यायचे?

गोजराबाई : उन असो, थंडी असो. गाडी ह्या आंब्याच्या सावलीला लावायची, चहा घ्यायचा, फडक्यानं गाडी पुसायची, आन् माघारी.

नलिनी : माघारी? घाटात नाही जायचे? ताम्हिणीत?

गोजराबाई : कुटला घाट! ते म्होरलं वळान दिसतंय न्हवं, आंब्याचं? त्याच्या पलीकडं ही गाडी गेलीच न्हाई कंदी. हितनंच तोंड फिरवायची.

सायली : काय सांगता! आम्हाला वाटायचं बाबा घाटात शंभरनं गाडी पळवतात!

नलिनी : थांब, सायली. बाई, मला एक खरं सांगा. वाईट नाही वाटणार. एकटे असायचे?

गोजराबाई : मंग कुनासंगं असनार? मी काय बोलती ते आदी ऐका, म्हंजे तुमाला समजंल. गाडी नवी नवी घेतली व्हती त्या साली. भातलावणीचं दिस, खाचरं तुडुंब. आमी समदी वाकल्याली. तेवड्यात त्या वळनावर ही गाडी आली सुसाट, आन् मदीच काय झालं कुनाला ठावं, बुडच म्होरं आलं. गरकन फिरली आन् डाव्या अंगानं बांधावर आदळून आमच्या खाचरात!

नलिनी : अगं बाई! मला म्हणाले, चिखलात पाय घसरला.

गोजराबाई : मानसाला खरचटलं न्हाई. पन वाचा गेल्याली. आमचं मालक पळत गेलं, म्हनले इंजन पेटंल, आदी बघा. म्होरचं झाकन उघाडलं, तर आत काय? एक चाक आन् एक पिशवी! इंजनच न्हाई!

सायली : अरे देवा! इंजिन मागे असतं हिचं!

गोजराबाई : ते आमाला काय ठावं, बाई? आमी म्हनलं, आपटीसरशी इंजन उडालं. गरीबाचं नुस्कान झालं म्हून समदी मानसं चिखलात हात घालून इंजन हुडकाया लागली. आमच्या मालकाला एक धोंडा घावला, लई मोटा, दोघांनी वडून काडला. आन् सायेब बांधावर बसून नुस्तं बगत व्हते. लई येळानं हसाया लागले. हसले, आन् मंग रडाया लागले.

नलिनी : रडले? हे?

गोजराबाई : व्हय. ढसाढसा. मी पानी दिलं. तवा म्हनले, बाई, फुडल्या आयतवारी बायकुला घिऊन घाट दावायला येनार व्हतो, म्हून आज रस्ता बगाया आलो. आन् बोट केलं त्या डाव्या दाराकडं. दार पार आत, खुर्चीचा चेंदामेंदा. म्हनले, ती हितं बसली असती.

सायली : आई... ती सीट.

नलिनी : ऐकतेय.

गोजराबाई : बैलांनी वडून काडली गाडी. मंग नवी खुर्ची घातली. मला दावली पन, बगा म्हनले कशी झाली. म्हनायचे, ह्या वळनावर माजा पाय धीर धरंल त्या दिशी तिला आनतो. दर आयतवारी त्येच. हितवर यायचं, त्या वळनाकडं बगत चहा प्यायचा, आन् म्हनायचं, आज नको, गोजराबाई.

सायली : म्हणजे तेच! जुन्या गाडीत सगळं वजन मागे असतं, आई. वळणात घाबरून पाय उचलला की मागचा भाग फिरतो. नवीत इतकी यंत्रं बसवलीत की ती सावरून घेते. तुमची चूक ती पोटात घालते. ही नाही घालत.

गोजराबाई : मागं वझं जास्ती झालं की बैलगाडी बी उलाळतीच की. पन भ्याला की मानूस पाय काडनारच. त्यो काय गाडीचा दोष न्हाई.

नलिनी : मूर्ख माणूस. अगदी मूर्ख! मला सांगायचं ना! मी बसले असते की. पाय काढू नका म्हणून सांगितलं असतं. सगळा जन्म मी त्या सीटचा दुस्वास केला, आणि ती माझीच होती.

गोजराबाई : मी एकदा म्हनलं, सायेब, मला पौडाच्या बाजाराला सोडा. तर म्हनले, त्या खुर्चीवर आदी ती बसंल, मंग तुमी. मला राग आला. एस्टीनं गेले.

नलिनी : सायली, त्या बंगलेवाल्यांना आपण काय कळवलंय?

सायली : तासाभरात येतो म्हणून. का?

नलिनी : काही नाही. जुनी तू चालवशील?

सायली : मी? मला ऑटोमॅटिकची सवय आहे, आई! हिचं स्टिअरिंग पण जड, आणि ती शिलाईयंत्राची पेडलं...

नलिनी : शिकवते. पायाचं काम माझ्याइतकं कोणाला कळतंय? आणि वळणात पाय उचललास तर मी ओरडेन. बाई, आमची ही नवी गाडी इथे राहू दे घटकाभर. लक्ष ठेवाल?

गोजराबाई : ठेवते की. पन हिला तरी इंजन हाय न्हवं? न्हाईतर कुनी विचारलं तर मी काय सांगू?

सायली : आहे हो, मागेच आहे! हिच्या खानदानात सगळ्यांचं मागेच असतं.

(जुनी गाडी रस्त्याला लागते. नवी आंब्याच्या सावलीत उभी.)

सायली : आई, पट्टा लावलात?

नलिनी : लावला. करकरतोय. कोणी वापरलाच नाही ना कधी. केवढा आवाज हिचा, गिरणीत बसल्यासारखं वाटतंय.

सायली : नवीत आवाज बाहेर ठेवलाय, इथे तो आपल्यासोबत बसलाय. पण मला आवडतंय हं. रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतोय. वळण आलं, आई. काय करू?

नलिनी : आधी हळू कर. मगच वळ. आता वळलीस ना? पाय काढू नकोस.

सायली : मागचं हलतंय! आई, हलतंय!

नलिनी : हलू दे. पाय ठेव. ठेव म्हणते ना, नाही काही होत. मी आहे.

सायली : ठेवलाय. ठेवलाय पाय!

नलिनी : तसाच ठेव.

सायली : झालं. आई, झालं! आलो आपण पलीकडे.

नलिनी : एवढंच होतं?

सायली : एवढंच. मागे वळून बघा, आंबा दिसतोय अजून.

नलिनी : नको. अगं, हे पाणी बघ. खाली, झाडांच्या मधून. हेच दाखवायचं होतं वाटतं यांना.

सायली : डोळे पुसा, आई. रुमाल माझ्या पर्समध्ये आहे.

नलिनी : असू दे. तू रस्त्याकडे बघ. घाट किती राहिलाय अजून?

सायली : जवळजवळ सगळाच. तो बंगला तर अर्ध्यावरच येतो.

नलिनी : मग बंगल्यापाशी थांबू नकोस.